पंच नसलेला सामना

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या दुपारी, जेवणे उरकल्यावर, तिन्ही नातवंडे सतरंजीवर पाच-तीन-दोन खेळत बसली होती. वयामुळे मला आता पानांवरचे आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून मुलांनी मला पंच नेमले होते. त्यातला विनोद त्यांच्या ध्यानी आला नव्हता. धाकटी नात माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती, त्यामुळे तिची पाने तेवढी मला दिसत होती. इस्पिकची उतारी झाली, तिच्या हातात इस्पिकचे पान होते, तरी तिने खुशाल बदामाचे हुकूम टाकून हात मारला. मी त्या वेळी काही बोललो नाही. रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली तेव्हा हळूच विषय काढला. ती जराही न ओशाळता म्हणाली, "पण आजोबा, कुणी पाहिलेच नाही! आणि पाने तर नुसती खेळायचीच असतात ना?"

हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीचा आहे म्हणून तो सोपा आहे, असे कुणी समजू नये. त्यात दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही पक्के आहेत. खोटे बोलू नये, चोरी करू नये, हे नियम सगळ्या जगाला मान्य आहेत. त्यांच्यामागे धर्म आहे, समाज आहे, पिढ्यांचा अनुभव आहे. पण इस्पिकवर इस्पिकच टाकावे हे कोणत्या धर्मग्रंथात सांगितले आहे? तो नियम आपणच केला. उद्या आपणच बदलू. मग तो कुणाच्या नकळत मोडला, तर बिघडले काय? मी तिला थोपटून निजवले. पण मला स्वतःला झोप आली नाही. अंधारात डोळ्यांसमोर उभे राहिले ते आमचे शाळेतले ड्रिलमास्तर, आणि त्यांच्यामागे, मी कधीही न पाहिलेला एक अमेरिकन म्हातारा.

आमचे ड्रिलमास्तर मद्रासला शिकून आले होते. तिथे हॅरी क्रो बक नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२० साली वाय.एम.सी.ए.च्या वतीने शारीरिक शिक्षणाची एक शाळा काढली होती. बकसाहेब स्वतः मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या विद्यालयात तयार झालेले. आणि त्याच विद्यालयात, बकसाहेबांच्या कितीतरी आधी, अमॉस अलॉन्झो स्टॅग हे शिक्षक होते. त्यामुळे स्टॅग यांचे नाव या गुरुपरंपरेने आमच्या गावच्या धुळीच्या पटांगणापर्यंत येऊन पोचले होते. १९५८ च्या सुमारास, पावसामुळे तास वर्गातच घ्यावा लागला की मास्तर आम्हांला स्टॅगसाहेबांची गोष्ट सांगत. ती बहुधा एकच असे, आणि आम्ही ती पुन्हापुन्हा ऐकत असू.

ती गोष्ट अशी. अमेरिकेत कॉलेजांमध्ये एक खेळ खेळतात. त्याला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक नेतात. दोन टोकांना निमुळता असा तो चेंडू बगलेत धरायचा आणि प्रतिपक्षाच्या अकरा जणांमधून गोलरेषेपलीकडे घुसायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू दुसऱ्यांच्या हाती जातो. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी शिकागो विद्यापीठ आणि प्रिन्स्टन यांचा सामना शिकागोच्या मैदानावर होता. शिकागोचे प्रशिक्षक स्टॅग. सामना सरत आला तेव्हा शिकागो १८-७ असे पुढे होते. मग प्रिन्स्टनने मुसंडी मारली आणि ते २१-१८ असे पुढे गेले. अखेरच्या क्षणी शिकागोची मुले जिवाच्या आकांताने चेंडू नेत नेत गोलरेषेच्या अगदी तोंडाशी पोचली. एकच प्रयत्न उरला. प्रिन्स्टनचे सारे खेळाडू मधोमध भिंतीसारखे दाटून उभे होते आणि शिकागोची मुले त्याच भिंतीवर डोके आपटणार हे बाहेरून स्पष्ट दिसत होते. स्टॅग यांचे तरुण साहाय्यक फ्रिट्झ क्रिसलर कळवळून म्हणाले, एक बदली खेळाडू आत पाठवा आणि त्याच्या तोंडी निरोप द्या की चेंडू वरून फेका.

स्टॅग यांनी नकार दिला. मैदानाबाहेरून सल्ला पोचवण्यासाठी बदली खेळाडू वापरणे नियमसमितीला संमत नव्हते, आणि त्या समितीचे एक सभासद खुद्द स्टॅगच होते. निरोप गेला नाही. मुलगा चेंडू घेऊन भिंतीवर आदळला, अडला, आणि शिकागो तीन गुणांनी हरले.

मास्तर इथे थांबत आणि विचारत, "आत जाणारा मुलगा निरोप घेऊन गेला की नुसताच गेला, हे पंचाला कळले असते का?" आम्ही एका सुरात म्हणत असू, "नाही, सर!" "मग स्टॅगसाहेबांनी का नाही पाठवला?" यावर वर्गात कुणी बोलत नसे. मास्तरही उत्तर देत नसत. छपरावरून पागोळ्या गळत असत आणि घंटा होई.

त्या न दिलेल्या उत्तराचा शोध मी पुढे बरीच वर्षे घेत राहिलो. आणि त्या निमित्ताने स्टॅग यांचे चरित्रही मिळेल तिथून वाचत गेलो. हा माणूस न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावी, १६ ऑगस्ट १८६२ रोजी, एका गरीब चांभाराच्या घरी जन्मला. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. येल विद्यापीठात तो गेला तो धर्मोपदेशक व्हायचे म्हणून. तिथे बेसबॉलमध्ये त्याच्या चेंडूफेकीचा असा काही बोलबाला झाला की धंदेवाईक संघांनी त्याच्यापुढे पैशांच्या थैल्या ठेवल्या. त्या काळी धंदेवाईक बेसबॉलच्या अवतीभवती दारू आणि जुगार यांचा सुकाळ होता. पोटभर खायला मिळण्याची भ्रांत असलेल्या या मुलाने ते पैसे नाकारले. पुढे त्याच्या ध्यानात आले की आपल्याला व्यासपीठावरून बोलणे साधत नाही. शब्द जिभेवर येता येता अडखळतात. तेव्हा त्याने मनाशी ठरवले की जो उपदेश तोंडाने करता येत नाही तो पटांगणावर करावा. आपल्याकडे कुणी म्हणेल, प्रवचनकार व्हायला निघालेला माणूस तालमीचा वस्ताद झाला. पण त्याच्या दृष्टीने व्यवसाय बदलला नव्हता, देऊळ तेवढे बदलले होते.

स्प्रिंगफील्डला असताना त्याच्या फुटबॉलच्या संघात जेम्स नेस्मिथ नावाचा एक गडी होता. याच नेस्मिथने १८९१ च्या हिवाळ्यात बास्केटबॉल शोधून काढला. पुढच्या मार्चमध्ये त्या नव्या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता. आपल्या शाळाशाळांतून लोखंडी कड्या लावलेले जे खांब उभे असतात, त्यांच्याशी या माणसाचे असे दूरचे नाते आहे.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे वळतो. खेळाचा नियम मनुष्यकृत असतो हे खरे. चार प्रयत्नांत दहा यार्ड हा आकडा काही सृष्टीचा नियम नव्हे. स्टॅग यांच्याच हयातीत तो कितीदा बदलला. पण तो मनुष्यकृत आहे म्हणूनच त्याला वेगळे मोल आहे, असे मला वाटते. गुरुत्वाकर्षणाचा नियम आपण पाळतो त्यात आपले कर्तृत्व कोणते? तो मोडताच येत नाही. खेळाचा नियम म्हणजे मैदानात उतरण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द. तू असे करणार नाहीस या भरवशावर मीही असे करणार नाही, आणि मग दोघे मिळून पाहू कोण सरस ते. पंच हा त्या शब्दाचा साक्षीदार आहे, त्याचा मालक नव्हे. साक्षीदाराची पाठ वळली म्हणजे शब्द फिटला असे होत नाही. म्हणून निरोप पाठवून मिळवलेला विजय हा प्रिन्स्टनवरचा विजय ठरलाच नसता, कारण प्रिन्स्टन ज्या खेळात उतरले होते तो खेळच तिथे संपला असता. माझ्या नातीने मारलेला तो हातही असाच. तिने तो कुणाला हरवून मिळवलेला नव्हता.

इथे हा निबंध संपवता आला असता, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर तो गोडही लागला असता. पण वाचकहो, स्टॅग यांचे चरित्र मी वाचत गेलो तसे त्यातले दुसरे एक पान माझ्या हाती लागले, आणि त्या पानाने मला आरसा दाखवला.

१८९२ साली शिकागो विद्यापीठ नव्याने उभे राहिले. रॉकफेलरचा पैसा होता आणि विल्यम रेनी हार्पर यांच्यासारखा कल्पक अध्यक्ष होता. हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे गुरू. त्यांनी ओळखले की नव्या विद्यापीठाचे नाव ग्रंथालयापेक्षा फुटबॉलचे मैदान अधिक लवकर देशभर नेईल. देशातल्या कॉलेजांना फिरून पाणी पाजतील असे संघ त्यांना हवे होते. त्यांनी स्टॅग यांना वर्षाला २,५०० डॉलर आणि प्राध्यापकाचा दर्जा देऊ केला. क्रीडाशिक्षकाला विद्यापीठात असे स्थान त्यापूर्वी कुणी दिले नव्हते. पहिल्या वर्षी खेळाडू इतके अपुरे होते की तिशीतले स्टॅग स्वतःच संघातून खेळले. पुढच्या दहाबारा वर्षांत मात्र मैदान मोठे झाले, प्रेक्षकांच्या आसनांच्या रांगा वाढल्या, तिकिटांचा पैसा वाहू लागला, आणि ज्या माणसाने पैशासाठी खेळणे नाकारले होते तो एका मोठ्या पैशाच्या खेळाचा सूत्रधार झाला.

योगायोग असा की त्याच १८९२ साली येलमधल्या स्टॅग यांच्या एका जुन्या सोबत्याने, पज हेफेलफिंगरने, पीट्सबर्गच्या एका क्लबकडून एका सामन्यासाठी ५०० डॉलर रोख घेतले. ते गुपचूप दिले गेले. क्लबच्या हिशेबाचा कागद कित्येक वर्षांनी उजेडात आला, आणि आज अमेरिकन फुटबॉलमधला पहिला धंदेवाईक खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतात. तेव्हाच्या नीतीने हेफेलफिंगर दोषी आणि स्टॅग निर्मळ. मी मात्र या दोघांची तुलना करू लागलो की अडखळतो. एकाने आपल्या अंगमेहनतीचे दाम घेतले. दुसऱ्याने दुसऱ्यांच्या मुलांच्या अंगमेहनतीवर एक संस्था उभारली, त्या मुलांना दाम मिळू नये असा आग्रह धरला, आणि त्याला नीती म्हटले. यात स्टॅग ढोंगी होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते मनापासून तसे मानत होते. म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे.

शिकागोच्या संघात १९०३ साली वॉल्टर एकरसॉल नावाचा एक मुलगा आला. अंगाने किरकोळ, पण पळण्यात आणि लाथ मारून चेंडू दूर धाडण्यात त्याच्या तोडीचा गडी त्या काळी विरळा. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी मिशिगनविरुद्ध सामना झाला. मिशिगनचा संघ ओळीने छप्पन्न सामने हरला नव्हता. पंचवीस हजारांच्या वर प्रेक्षक थंडीत बसले होते. दोन्हीकडे गुण शून्य. एकरसॉलने लांब मारलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला आणि तो तिथेच खाली न ठेवता घेऊन पळू पाहिला. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला उचलून मागे रेटले. नियमाप्रमाणे दोन गुण शिकागोला मिळाले, आणि २-० असा तो सामना संपला. शिकागो शहर आनंदाने वेडे झाले. क्लार्कची ती एक चूक मात्र वर्तमानपत्रांनी त्याला जन्मभर विसरू दिली नाही. १९३२ साली त्या दुर्दैवी माणसाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले, तेव्हाही बातमीत सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या धावेचीच आठवण निघाली. एका खेळाचे ओझे माणसाच्या डोक्यावर किती असावे?

त्याच १९०५ च्या नोव्हेंबरात 'कोलियर्स' साप्ताहिकात एक लेखमाला आली. पश्चिमेकडची विद्यापीठे फुटबॉलसाठी मुले कशी पळवतात, अभ्यासात कच्ची असली तरी कशी भरती करून घेतात, याचा तिने बोभाटा केला. त्यात शिकागोचे नाव होते आणि एकरसॉलचेही. त्या एका हंगामात देशभर या खेळात अठरा तरुण दगावले, अशी मोजदाद वर्तमानपत्रांनी केली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पूर्वेकडच्या मोठ्या विद्यापीठांच्या माणसांना बोलावून कानउघाडणी करावी लागली. १९०६ साली खेळाचे नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, ती त्यातूनच. एकरसॉल त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत शिकागोसाठी खेळला. विद्यापीठाची पदवी त्याला कधीही मिळाली नाही.

माझ्या मनात हे दोन प्रसंग शेजारीशेजारी उभे राहतात. १९२२ साली एक निरोप पाठवायला ज्या माणसाचे मन धजले नाही, त्याच माणसाच्या डोळ्यांदेखत एक मुलगा विद्यार्थी म्हणून आला, चार हंगाम खेळला आणि विद्या न घेताच गेला. प्रतिपक्षाला दिलेला शब्द त्याने प्राणपणाने पाळला. मग आपल्याच मुलाला दिलेला शब्द? तू इथे शिकायला ये, असे सांगूनच विद्यापीठ मुलाला दारात घेते ना? हा शब्द मोडला तेव्हा कोणत्याही पंचाने शिटी वाजवली नाही, कारण त्या सामन्याला पंचच नव्हता.

स्टॅग यांना दोष द्यायला मी मोकळा नाही. याचे कारण आता सांगून टाकतो.

सत्तरीच्या दशकात मी एका शाळेत गणित शिकवीत असे आणि कबड्डीच्या संघाचे कामही माझ्याकडे होते. जिल्ह्याच्या एका सामन्यात आमचा सर्वांत चपळ गडी चढाईला गेला. प्रतिपक्षाच्या हद्दीत त्याने दोघांना मारले आणि परतताना, रेषेला पाय लागण्याच्या आधीच, त्याचा दम सुटला. गलक्यात पंचाला ते ऐकू आले नाही; मला आले. मी उठलो आणि पंचाला सांगितले की आमचा गडी बाद आहे. सामना आम्ही हरलो. त्या दिवशी प्रतिपक्षाच्या मास्तरांनी मला मिठी मारली, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी माझे कौतुक केले, आणि मला माझ्या ड्रिलमास्तरांची आठवण येऊन डोळे पाणावले. वाटले, त्यांचा प्रश्न मी सोडवला.

त्याच वर्षी वार्षिक परीक्षेत तो मुलगा नववीच्या गणितात नापास होत होता. नववीतच राहिला असता तर पुढच्या हंगामात शाळेने त्याला खेळू दिले नसते. मी त्याची उत्तरपत्रिका पुन्हा हातात घेतली आणि इकडे दोन, तिकडे तीन असे गुण वाढवून त्याला वर ढकलला. माझ्या मनाला टोचणी लागली नाही. उलट गरिबाच्या मुलाचे कल्याण केल्याचे समाधान वाटले. तो आणखी एक वर्ष खेळला. आम्ही ढाल जिंकली. शालान्त परीक्षेत तो गणितात गेला आणि शाळा सुटली.

वीसेक वर्षांनी तालुक्याच्या एस.टी. स्थानकासमोर एका सायकलदुरुस्तीच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली. तोच. हात पुसून तो पाया पडला, चहा मागवला, आणि गल्ल्यातून पतपेढीच्या कर्जाचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "सर, एवढे व्याज बरोबर लावलेय का, बघता?" मी हिशेब केला. व्याज बरोबर होते. तो हसत म्हणाला, "हे शेकड्याचे काही मला कधी जमलेच नाही, सर. त्या वर्षी तुम्ही मला नववीतच बसवला असतात ना, तर कदाचित डोक्यात शिरले असते." त्याच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. चहाचे पैसेही त्याने मला देऊ दिले नाहीत. ढाल शाळेच्या कपाटात अजून असेल.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे असे वाटते. जी प्रामाणिकता पाळली की लोक मिठी मारतात, ती महाग असली तरी सोपी असते. प्रतिपक्ष समोर उभा असतो. त्याचे नुकसान आपल्याला दिसते, आपला त्याग त्याला दिसतो. आपल्याच आश्रयाला असलेल्या माणसाचे नुकसान मात्र आपल्या लाभाच्या पोटात दडलेले असते, आणि पुष्कळदा तो माणूसही त्याला उपकारच समजतो. तो तक्रार करीत नाही. शिष्य, मूल, बायको, हाताखालचा नोकर, यांच्याशी आपण जो सामना खेळतो त्याला पंच नसतो. एवढेच नव्हे, तो सामना आहे हेही आपल्या गावी नसते.

स्टॅग यांना हे कधी उमगले का, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला मोठा सुंदर वाटतो. १९२९ साली रॉबर्ट हचिन्स हे अवघ्या तिशीतले गृहस्थ शिकागोचे अध्यक्ष झाले. त्यांना या मैदानी वैभवाचे कौतुक नव्हते. सत्तरीला निवृत्ती असा विद्यापीठाचा नियम होता. १९३२ साली, चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, तो नियम स्टॅग यांच्यावर लागू झाला. जन्मभर नियमाची थोरवी गाणाऱ्या माणसाला नियमानेच दार दाखवले. बसून खाण्याजोगी दुसरी जागा देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली आणि सत्तरी ओलांडल्यावर कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा कॉलेजात नवा संसार मांडला. १९३८ साली आपल्या या नव्या मुलांना घेऊन ते शिकागोला आले आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर त्यांनी शिकागोला ३२-० असे हरवले. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोला ८५-० अशी धूळ चारली आणि १९३९ च्या डिसेंबरात शिकागोने हा खेळच बंद करून टाकला. ओस पडलेल्या त्या मैदानाच्या पश्चिमेकडच्या आसनांखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी, एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट व युरेनियम यांच्या ढिगात जगातली पहिली नियंत्रित अणुशृंखला चालवून दाखवली. माणसाने आपले नाव कशाला द्यावे आणि काळाने त्याखाली काय रचून ठेवावे! त्या प्रयोगातून जे पुढे निपजले, त्या सामन्यालाही पंच नव्हता.

स्टॅग मात्र स्टॉकटनला शांतपणे मुले शिकवीत होते. १९४३ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांना देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक निवडण्यात आले. १९४७ पासून काही वर्षे ते पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात आपल्या मुलाच्या जोडीने काम करीत होते. बापलेक एकाच मैदानावर! त्यांच्या पत्नी स्टेला आयुष्यभर त्यांच्या शेजारी बसून सामन्यातल्या डावांची टिपणे काढीत आल्या होत्या. त्यांची प्रकृती ढासळू लागली तेव्हा स्टॅग १९५२ नंतर पुन्हा स्टॉकटनला परतले आणि तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चेंडूला लाथ कशी मारावी एवढेच शिकवू लागले. नव्वदी उलटून गेलेली. तिथे ना राजवाडी आगगाडी होती, ना पंचवीस हजार प्रेक्षक. होता एक म्हातारा, एक चेंडू आणि समोर एक मुलगा. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ वर्षांचे होऊन, ते वारले. त्यांच्या खात्यावर ३१४ विजय मांडले गेले होते. तो उच्चांक पुढे सोळा वर्षे टिकला.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. यंदाचा संघ कसा आहे, असे विचारले की ते म्हणत, वीस वर्षांनी विचारा, ही मुले कशी माणसे झाली ते पाहून सांगेन. गोष्ट खरी असो वा रचलेली, माप मात्र अचूक आहे. मी त्या मापाने स्वतःला मोजले ते बरोबर वीस वर्षांनी, एस.टी. स्थानकासमोर, चहाचा पेला हातात धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला मी स्टॅगसाहेबांची गोष्ट सांगितली. ड्रिलमास्तर सांगत तेवढीच. तिने विचारले, "मग हरले ते?" म्हटले, "हरले." ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग उठून भावंडांकडे गेली. आतून भांडणाचा आवाज आला, मग हसण्याचा, आणि मग कुणीतरी पाने पिसू लागले.

तिचे काम झाले. माझे राहिले होते. मी टेबलाशी बसून त्या सायकलवाल्याला चार ओळींचे पत्र लिहायला घेतले. पत्ता म्हणून 'एस.टी. स्थानकासमोर' एवढेच मला ठाऊक होते. ते पत्र त्याला पोचले की नाही, हे मला अजून कळलेले नाही.